खाली, डावीकडे

९ जानेवारी

धाकट्या,

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच हुरळून जायला नको.

मला काचबिंदू झालाय. मोतीबिंदू वेगळा, तो काढून टाकता येतो. काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू झिजत जाते आणि झिजली ती झिजली, परत भरून येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही. मी आपली चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. चष्मेवाला नेहमीसारखा बडबडत होता. त्याने डोळ्यात उजेड मारून आत पाहिलं आणि त्याची बडबड थांबली. मग म्हणाला, "ताई, तुम्ही मोठ्या दवाखान्यात दाखवाच." 

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी विचारलं, "भावंडं किती?" मी म्हटलं, एक भाऊ, जुळा. तशा त्या पेन खाली ठेवून सरळ बसल्या. म्हणाल्या, "मग त्यांची तपासणी झालीच पाहिजे. सख्ख्या भावंडांना याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आजच सांगा त्यांना." मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. त्या म्हणाल्या, "मग बोलू नका. लिहा."

म्हणून हे पत्र. सोबत त्यांची चिठ्ठी आहे. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव, तो पुढचं बघेल. तुझं सगळं पोट डोळ्यांवर आहे. भांड्याच्या काठावर केसाएवढी रेघ ओढणारा माणूस तू. डोळ्यांना काही झालं तर चाकावर बसून काय करणार आहेस, भजन?

बाकी इकडे सगळं उत्तम. दुकान जोरात चालू आहे. मध्यंतरी जिन्यात एक पायरी चुकले आणि खाली बसले, पण ते नव्या चपलांमुळे. हे मजेत आहेत. बँकेतून रिटायर झाल्यापासून दिवसभर मला सल्ले देतात.

उत्तराची अपेक्षा नाही. डोळे तपासून घे. आशीर्वाद लिहिते, कारण काही मिनिटांनी का होईना, मी मोठी आहे.

तुझी थोरली बहीण


२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. घेतलंस म्हणजे वाचलंस. तू खोकल्याच्या बाटलीबरोबरचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस, पत्र वाचल्याशिवाय ठेवशील होय?

आता तपासणीला घाबरून बसला असशील तर सांगते काय असतं ते. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली कोण शिरायचं, तो विषय मी काढत नाही.

अंधारी खोली असते. मशीनला हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. आत एक हिरवी फुली दिसते, तिच्याकडे बघत राहायचं. एक उजेडाची रेघ सरकत जाते. डोळ्याला काही लागत नाही, काही टोचत नाही. तेवढ्यात ते मशीन डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर मोजून मोकळं होतं. मशीनवर एक तरतरीत मुलगी बसते, तिला मी मापवाली म्हणते. "मावशी, डोळे मोठ्ठे करा. अजून मोठ्ठे. नवऱ्याकडे बघता तसे." मला हसू आलं आणि चित्र हललं. परत काढावं लागलं.

माझ्या डाव्या डोळ्यात नसेच्या धाग्यांचा थर भरला अडुसष्ट मायक्रॉन. म्हणजे एका केसाच्या जाडीइतका. या वयात तो नव्वदच्या वर असायला हवा. उजवा जरा बरा आहे.

मापं घेण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मी विचारलंच, "उद्या परत घेतलंस तर हेच येईल का गं?" मापवाली म्हणाली, "दोन-चार इकडेतिकडे होतात, मावशी. तेवढं धरायचं नाही. त्याहून जास्त घसरलं तर मात्र काळजी." मला ती मुलगी तिथेच आवडली. गिऱ्हाईक श्वास ओढून उभं राहिलं की कंबर कमी भरते आणि घरी जाऊन जेवलं की ब्लाउज होत नाही, हे तिला न सांगता कळलेलं आहे. एका मापाला अर्थ नाही. पुन्हा पुन्हा घ्यायचं आणि आकडा कुठे चाललाय ते बघायचं. आणि दर वेळी त्याच मशीनवर, कारण दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा आकडा वेगळा येतो, तो याच्याशी ताडून बघता येत नाही. मी दुकानात तीस वर्षं हेच ओरडतेय. माप एका टेपने घ्या, एका हाताने घ्या.

पुढचं माप जुलैत. तोवर रोज संध्याकाळी डोळ्यात थेंब. ते घालायचं काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. पहिला थेंब नाकावर पडतो, दुसरा गालावर. "डोळा हलवू नकोस." "डोळा जागच्या जागी आहे, तुमचा हात हलतोय." असा रोजचा कार्यक्रम. चौथ्या-पाचव्या थेंबाला नेम लागतो आणि मग ह्यांना कोण आनंद होतो. वाघ मारल्यासारखे उभे असतात बाटली घेऊन.

झाली का तपासणी? हो की नाही एवढंच कळव. सही केली नाहीस तरी चालेल.

तुझी थोरली बहीण


१६ मार्च

धाकट्या,

आज किटलीबद्दल लिहायचं आहे. पत्र फाडणार असशील तर वाचून मग फाड.

नऊ वर्षं आपण दोघंही ते नाव काढत नाही. तू ती निळी किटली प्रदर्शनाला न्यायच्या आधी मला दाखवायला आणली होतीस. तिची झिलई किती वेळा भट्टीत बिघडली होती आणि तू किती वेळा पुन्हा सुरुवात केली होतीस, ते मला ठाऊक होतं. माझ्या जेवणाच्या टेबलावर तू ती ठेवलीस. मी म्हटलं, तोटी अगदी समोरच्या वकिलाच्या नाकासारखी झालीय. तू रागावलास, पण हसलासही. मग मी पाणी आणायला उठले आणि माझ्या डाव्या कोपराने ती खाली गेली.

तू ओरडलास, "समोर ठेवली होती, दिसत नाही का?" मी म्हटलं, "तिथे नव्हतीच." आणि तू मला खोटारडी म्हणालास. आधी नाक काढतेस, मग फोडतेस आणि वर तोंड करून नव्हतीच म्हणतेस, असं म्हणालास. मग मीही जे तोंडाला येईल ते बोलले. तू दार आपटून गेलास तो आजतागायत.

आता ऐक. परवा माझी दुसरी तपासणी झाली. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी अगदी मन लावून दाबलं. मला वाटलं, पैकीच्या पैकी मार्क. डॉक्टरीणबाईंनी नकाशा समोर ठेवला. त्यात खाली, डावीकडे, एक करडा पट्टा. म्हणाल्या, "नस वरच्या बाजूला झिजलीय, डोळ्यात सगळं उलटं उमटतं, म्हणून खालचं दिसत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले तरी ही एवढी जागा तुम्हाला दिसत नाही."

मी म्हटलं, "पण मला काळं काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो. तुम्हाला पत्ता लागत नाही."

अरे, रफू! माझा मेंदू रफू करत बसलाय आणि इतका बेमालूम, की कपडे शिवून केस पिकलेल्या बाईला शिवण दिसली नाही. मी विचारलं, हे किती जुनं असेल? त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. पण इतकी झीज व्हायला दहा वर्षं सहज लागली असतील."

मी तिथल्या तिथे हसायला लागले. डॉक्टरीणबाईंना वाटलं धक्का बसला, त्यांनी पाणी मागवलं. मला इतकं हलकं वाटत होतं, काय सांगू. तुझ्यावर रागावले होते ते खरं, पण या नऊ वर्षांत कितीदा माझं मलाच वाटून गेलंय, की मी खरंच मुद्दाम तर नाही ना केलं? डोळ्यांसमोरची वस्तू माणसाला दिसत नाही असं कसं होईल? मी खोटं बोलत नव्हते रे. तुझ्या किटलीच्या जागी मला टेबलक्लॉथवरची पिवळी फुलं दिसत होती. अगदी स्पष्ट दिसत होती.

आता महत्त्वाचं. जे मला इतकी वर्षं कळलं नाही ते तुलाही कळणार नाही. तू तिकडे लांब, एकटा, भट्टीशेजारी. हल्ली हातून काही पडतं का? दाराच्या चौकटी लागतात का? पायऱ्या चुकतात का? मी चपलांना नावं ठेवली होती. चपला निर्दोष आहेत. मला भीती वाटते, धाकट्या. माझी कमी, तुझी जास्त. माझं कळलं तरी. जा आणि तपासून घे.

तुझी थोरली बहीण


२४ जून

धाकट्या!

बसून वाच. नाहीतर उभा राहूनच वाच, मी तर सकाळपासून बसलेलीच नाही.

तू काही ऐकत नाहीस म्हणून मी ठरवलं, तुला माझ्या डोळ्याचा कागदच पाठवायचा. म्हणजे लाल-पिवळे पट्टे बघून तरी घाबरशील. दवाखान्यात गेले, खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, माझ्या फायलीतला सगळ्यात शेवटचा रिपोर्ट छापून द्या. त्यांनी दिला. घरी येऊन चष्मा लावून बघते तर काय! सगळं हिरवं! डाव्या डोळ्याचा थर चौऱ्याण्णव! जानेवारीत अडुसष्ट आणि आता चौऱ्याण्णव! मार्चमध्ये त्या वाडग्याच्या यंत्राबरोबर हेही माप घेतलं असणार.

थेंब लागू पडले. ह्यांचा नेम सुधारला तेव्हाच मला वाटलं होतं. हे म्हणाले, "अगं, झिजलेलं परत येत नाही असं म्हणाल्या होत्या ना त्या?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट वाढलेली चांगली निघालीय, त्यात खोड काढू नका. खरं तर कापड धुतल्यावर आटतं, वाढत नाही, हे मला शेंबडं पोर असल्यापासून माहीत आहे. पण आज ते आठवायचं नाही असं मी ठरवलं.

गल्लीत सगळ्यांना बिस्किटं वाटली. वकिलांनी विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, माझी नस जाड झाली. ते बराच वेळ विचार करत उभे होते. दुकानात एका बाईंच्या कुर्त्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, तर त्या रागवायच्या ऐवजी माझं तोंड बघून हसायला लागल्या.

कागद सोबत जोडलाय. बघ, तुझ्या बहिणीचा डोळा कसा ठणठणीत आहे. आता तुझाही कागद पाठव. पैज लाव, माझाच आकडा जास्त असणार. मोठ्यांचा मोठाच असतो.

तुझी थोरली बहीण


१० जुलै

धाकट्या,

आज जुलैची तपासणी होती. डावा डोळा सदुसष्ट.

चौऱ्याण्णववरून सदुसष्ट. कागदावरची रेघ आधी वर चढून मग जिन्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आलीय. मशीनने शेजारी लाल बाण काढलाय. डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, एवढ्या थोड्या दिवसांत एवढी घसरण मी पाहिलेली नाही, आणि मुळात हे वाढलं कसं तेच मला पटत नाही. आठवड्याने परत बोलावलंय. खरंच असेल तर ऑपरेशन.

मापवालीने आज थट्टा केली नाही.

हे संध्याकाळी बाटली घेऊन आले. पहिलाच थेंब बरोबर डोळ्यात पडला आणि हे झाकण लावून बाटली ठेवायला गेले.

अजून जास्त लिहवत नाही.

थोरली


१७ जुलै

धाकट्या, लबाडा, चोरा,

पकडला गेलास!

सुरुवातीपासून सांगते, कारण मला ते पुन्हा पुन्हा सांगायला आवडतंय. ह्यांना तीनदा सांगून झालं, आता ते ऐकू येत नसल्याचं सोंग करतात.

आज सकाळी परत हनुवटी टेकवली. माप आलं सदुसष्टच. मी डोळे मिटून घेतले. मापवाली मात्र पडद्याकडे बघत बसली होती. तिने जुनी सगळी चित्रं उघडली आणि एकावर एक ठेवायला लागली. जानेवारीचं आणि आजचं, दोन्ही चपखल बसली. मधलं बसेना. तिने ते इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मग एकदम टाळी वाजवून म्हणाली, "मावशी, ही शीर तुमची नाही!"

"म्हणजे?"

"तुमची मोठी शीर इथे खाली वळते आणि तिला दोन फाटे फुटतात. हिला तीन आहेत. हा डोळाच दुसऱ्याचा आहे. मी चेहरे विसरते हो, पण डोळ्याची मागची बाजू नाही विसरत."

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा कागद उडाला. जानेवारीत अडुसष्ट, आता सदुसष्ट. एका मायक्रॉनला काही अर्थ नाही, तेवढं श्वासागणिक होतं. म्हणजे माझी नस आहे तिथेच आहे. थेंबांनी तिला धरून ठेवलंय. ऑपरेशन नाही, काही नाही. "असंच चालू ठेवा," म्हणाल्या.

मग मी विचारलं, "हे चौऱ्याण्णव कोणाचे?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या पेशंटची माहिती आहे." बरोबरच आहे. पण मापवालीला कुठला दम निघतोय! ती फायली चाळत बडबडायला लागली, "मे महिन्यातलं आहे. आडनाव तेच, नावाचं पहिलं अक्षर तेच, जन्मतारीख तीच! मशीनने विचारलं, जुना पेशंट आहे का, आणि आम्ही हो म्हटलं. चित्र जुळत नाही असंही म्हणत होतं ते, पण त्या दिवशी ते सगळ्यांनाच तसं म्हणत होतं. मला आठवले ते काका! लांबून आले होते, मशीनला घाबरत होते. घरात कोणाला काचबिंदू आहे का विचारलं तर म्हणाले, आहे ना, माझ्या धाकट्या बहिणीला."

डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अगं, गप्प बस!" पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

धाकट्या बहिणीला!

दुकानाच्या पाटीवर बाबांचं आडनाव आहे म्हणून लग्नानंतरही मी ते सोडलं नाही. आईने हौसेने दोघांची नावं एकाच अक्षरावरून ठेवली. जन्म तर एकाच दिवशी आपण घेऊन बसलोय. पण अख्ख्या जगात मला धाकटी म्हणणारा माणूस एकच आहे. मी त्या अंधाऱ्या खोलीत रडले आणि हसले, दोन्ही एकदम. मापवाली म्हणाली, "मावशी, डोळे पुसू नका, थेंब जातील."

आता कळलं का, काय झालं ते? जूनमध्ये मी ज्या आकड्यासाठी गल्लीभर बिस्किटं वाटली, तो आकडा तुझा होता. मी नाचले ते तुझ्या डोळ्यांसाठी. मग मी तो आनंद परत का देऊ? एक बिस्किट मागे घेणार नाही. माझी नस टिकून आहे आणि तुझी ठणठणीत आहे. सहा महिने मला दोनच गोष्टींची धास्ती होती, दोन्ही एका सकाळी संपल्या.

पण तू आलास, या गावात आलास, त्याच खुर्चीवर बसलास जिथे मी बसते, त्याच पट्टीला कपाळ टेकवलंस आणि घरी न येता गेलास? याचा जाब द्यावा लागेल.

तुझी थोरली (थोरली! अधोरेखित!) बहीण


२५ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं. माझी जुलैची पत्रं तुला मिळायच्या आधीच तू ते टाकलं होतंस, शिक्का जुलैच्या सुरुवातीचा आहे, टपालात इतके दिवस कुठे अडकलं कोण जाणे.

पाकीट कात्रीने कापून उघडलं. हे म्हणाले, मी वाचून दाखवू का? मी म्हटलं, हात लावू नका. आत माझाच पाठवलेला कागद, त्यावर लाल पेनाने गोल, आणि तुझं ते मुंगीएवढं अक्षर. "तारीख बघ. खाली, डावीकडे. या दिवशी तू तिथे नव्हतीस, मी होतो. हा डोळा माझा आहे. तुझा आकडा हा नाही, तू बरी झालीस असं समजून थेंब बंद करू नकोस. लगेच जाऊन तपासून घे."

मी कागद डोळ्यांसमोर धरला, मग मान वळवून खाली डावीकडे पाहिलं. होती की तारीख! चांगली छापलेली. सगळा कागद मी दहा वेळा वाचला होता, आणि तेवढा कोपरा माझ्या मेंदूने गुपचूप रफू करून टाकला होता. किटलीसारखाच. मला इतकं हसू आलं, की ह्यांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे.

नऊ वर्षं गप्प राहिलास आणि बोललास कशासाठी, तर मी थेंब बंद करीन या भीतीने. दोन मिनिटं मी पुढचं वाचलंच नाही.

मग पुढचं वाचलं. किटलीचं पत्र वाचून आलास, हे कळलं. तिकडेही डोळ्यांचे डॉक्टर आहेत, पण मी लिहिलं होतं माप एका टेपने घ्यावं, म्हणून एवढा लांब इथेच आलास, माझ्याच मशीनवर. हे वाचून मात्र मला भरून आलं. माझं एक अक्षर ऐकायचं नाही असं जन्मापासून ठरवलेला माणूस तू, आणि ऐकलंस ते नेमकं हे. आणि मग दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा राहिलास. तू लिहिलंयस, "तू काचेआड कापड कापत होतीस. कात्री ठेवायच्या आधी टेबलाच्या डाव्या कडेवरून हात फिरवून बघितलंस. मी तुला खोटारडी म्हटलं होतं. मला रस्ता ओलांडता आला नाही."

वेड्या. अरे, तो हात मी कौतुकाने फिरवते. मापवालीने शिकवलेली युक्ती आहे ती, आणि तेव्हापासून माझा एक बॉबिन खाली पडलेला नाही. तू दार उघडलं असतंस तर मी आधी चार शिव्या दिल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं. जास्तीत जास्त पाच.

खोटारडी म्हटल्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला तरी कुठे माहीत होतं? तुला दिसत होती, मला दिसत नव्हती, दोघंही खरं बोलत होतो. कोणाचीच चूक नसलेलं भांडण आपण नऊ वर्षं जपून ठेवलं, याचंच मला आता कौतुक वाटतं.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी फायली वेगळ्या केल्या, माझ्या फायलीवर आता मोठ्या लाल अक्षरांत पूर्ण नाव आहे. तुझ्यासाठी निरोप दिलाय. आज नस चांगली आहे म्हणजे कायमची सुटका झाली असं नाही. दर वर्षी माप घ्यायचं, आणि त्याच मशीनवर. म्हणजे दर वर्षी तुला इकडे येणं आलं. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. वैद्यकीय सल्ला मोडू नये.

मापवालीला म्हटलं, त्या काकांच्या फायलीत बहीण धाकटी लिहिलीय ते दुरुस्त कर. ती म्हणाली, "पेशंटने स्वतः येऊन सांगितल्याशिवाय बदलता येत नाही, मावशी." तेव्हा तुला येऊन तिच्यासमोर कबूल करावं लागेल. आधी तूच जन्मलास, दाईने सांगताना अदलाबदल केली, वगैरे तुझं पुराण तिला ऐकवू नकोस. अदलाबदल दवाखान्यात होते हे तिला आता पटलेलं आहे, ती तुझ्यावर विश्वास ठेवेल.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "नवी केली आहे. निळीच. तोटी तशीच ठेवली." वकिलांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना चहाला बोलावू आणि समोर बसवू, बघू ओळखतात का.

ह्यांनी तुझी खोली झाडून घेतली. मी टेबलावरचा फुलाफुलांचा कपडा काढून साधा पांढरा शिवला, म्हणजे निळं उठून दिसेल. लवकर ये. आणि टेबलावर ठेवताना किटली माझ्या उजवीकडे ठेव.

तुझी थोरलीच